अठराचा केक

साखर जाळून नाव कमावलेली माजलगावातली मी बहुधा एकटीच बाई. आमच्याकडे धरणाचं पाणी उसाला जातं, ऊस कारखान्याला जातो, आणि साखर जितकी पांढरी तितकी चांगली हे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही ठाऊक असतं. माझा नवरा कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. साखरेवर जरा पिवळी झाक आली की त्याचं जेवणात लक्ष नसायचं. आणि इकडे घरात मी तीच साखर पातेल्यात घालून लाल करत उभी. पहिल्यांदा कॅरामल केलं तेव्हा तो अंगणातून ओरडला, "गॅस बंद कर, काहीतरी करपलंय!" मी म्हटलं, "करपलं नाही, मी करपवलंय." हे उत्तर त्याला आजही पटलेलं नाही.

बारा वर्षं मी घरच्या स्वयंपाकघरात केक केले. यंदा मनगटानं दगा दिला आणि ऑर्डरी घेणं बंद केलं. अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहून पाठवा, असा संपादकांचा निरोप आला. गमती आहेत. त्या आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगायला जरा धीर येईल.

ज्यांनी कॅरामलचा केक कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडं. चॉकलेटचा स्पंज, म्हणजे केकचा मऊ गाभा, कुणालाही जमतो. मैदा, कोको, पिठीसाखर, तेल, सोडा. आमच्याकडे बहुतेकांना अंड्याविना लागतो, म्हणून दही. स्पंज गरम असताना कापला तर भुगा होतो, तेव्हा गार होऊ द्यायचा आणि मग आडव्या तीन चकत्या करायच्या. खरी परीक्षा कॅरामलची. जाड बुडाच्या पातेल्यात कोरडी साखर घ्यायची. पाणी घालायचं नाही, चमचा घालायचा नाही, नुसतं पातेलं धरून फिरवायचं. साखर कडेनं विरघळायला लागते, मधासारखी होते, मग तांब्यासारखी. तो रंग दिसला की गॅस बंद करून लोणी आणि कोमट क्रीम. क्रीम पडताच सगळं फसफसून वर येतं आणि हात भाजतो. माझ्या दोन्ही हातांवर त्याचे डाग आहेत. शेवटी चिमूटभर मीठ. गॅस लवकर बंद केला तर नुसता गोड पाक होतो, उशिरा केला तर काढा. मधे मिळतं ते अर्धं मिनिट. हे कॅरामल चकत्यांमध्ये भरायचं, वरून वितळलेल्या चॉकलेटचा लेप द्यायचा, आणि त्यावर नाव लिहायचं.

सुरुवातीला लोक केक परत घेऊन यायचे. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी निम्मा केक संपवून उरलेला डबा घेऊन आले. म्हणाले, "बुडाला लागलाय बगा. पोरं मुकाट खात्यात, पर मला कळतंय ना." मी त्यांना साखर का जाळतात ते सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू द्या, व्हतं कदीमदी. पुढच्या टायमाला ध्यान ठिवा." डबा मात्र ते परत घेऊन गेले.

दुसरी गोष्ट उमापूरची. तिथल्या एका भावी आमदारांचा वाढदिवस होता. आमच्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त केक भावी लोकांचे जातात. पोरं जीप घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, साहेब तलवारीनं कापणार हायत. केक लई मजबूत करा." केक मजबूत कसा करणार? मी खाली जाड प्लायवूड घातलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघते तर तलवार केकातून आरपार जाऊन प्लायवूडमध्ये रुतलेली, साहेब ती उपसतायत, आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "हळू बे, साहेबाचा हात हाय मधी!" पाच किलोतला एक घास कुणी खाल्ला नाही. सगळा एकमेकांच्या तोंडाला फासला, उरला तो रस्त्यावर. पुढे तलवारीवरून चौकशी निघाली तेव्हा तीच पोरं आली, ती तलवार प्लास्टिकची होती असं तुम्ही सांगा म्हणून. मी सांगितलं, मला केकातलं कळतं, तलवारीतलं नाही.

अशा लोकांमुळे मी एक नियम केला होता. केकवर काय लिहायचं ते गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या नावावरून गोंधळ झाला होता, तेव्हापासून हे सुरू केलं. चॉकलेटवर लिहिलेलं खोडता येत नाही, पुसायला गेलं की डाग पडतो. तेव्हा चिठ्ठीवर असेल तेच केकवर. चूक झाली तर चूक तुमची. या नियमाचा मला मोठा अभिमान होता. क्लासला येणाऱ्या मुलींनाही मी तो पहिल्या दिवशी सांगायची.

मे महिन्यात मी दहा दिवसांचा क्लास घ्यायची. त्यात एका उन्हाळ्यात ऋतुजा आली. नाव बदललंय, आणि धरणाकाठच्या तिच्या गावाचं नावही लिहीत नाही. आठवी झालेली, लांब वेणीची, बोलायला सुरुवात केली की न थांबणारी. वडील बापूराव, पंधरा एकर बागायती ऊस, दारात ट्रॅक्टर, गावात शब्दाला मान. पोटापाण्याची अडचण म्हणाल तर काहीच नाही, हे मुद्दाम सांगते.

त्या पोरीचं नाक विलक्षण होतं. बाकीच्या मुली पातेल्यात डोळे घालून बसायच्या. ही पाठ करून उभी राहायची आणि म्हणायची, "काकू, आता." मी बघायची तर रंग बरोबर तांब्याचा. बारा वर्षांत मला असं शिकणारं दुसरं कुणी भेटलं नाही. क्लास संपला तरी ती रविवारी बसनं यायची. डिसेंबरात तिचा वाढदिवस होता. तिनं माझ्या ओट्यावर स्वतःचा केक स्वतः केला आणि वर स्वतःच लिहिलं: ऋतुजा, १४. आई सुमनबाई न्यायला आल्या होत्या. "घरी नेईपोतर ऱ्हातोय का ह्यो?" असं म्हणत त्यांनी केकचा डबा मांडीवर धरला. पुढे कधीतरी तिचं येणं थांबलं. दहावी जवळ आली असेल, असं मी धरून चालले.

पुढच्या डिसेंबरात सुमनबाई आल्या. बरोबर धाकटी दिव्या होती, अकरा वर्षांची.

"दोन किलोचा पायजे, ताई. ऋतुजाचा वाढदिवस हाय. तिला तुमचा त्यो जळक्या साखरेचाच लागतोय."

मला आनंद झाला. मी विचारलं, "आणि ती कुठंय? शाळेत?"

"घरीच हाय. शाळा सोडवली."

मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी सावकाश नाव लिहिलं आणि खाली आकडा लिहिला, १८.

"सुमनबाई, हे काय? गेल्या वर्षी इथंच चौदाचा केक झाला. तुम्हीच न्यायला आला होता."

"शाळंत वय कमी लागलंय तिचं. तवाच्या मास्तरनं तसंच लिवलं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

दिव्या म्हणाली, "आई, मग माझं वय किती हाय?"

"गप बस," सुमनबाई म्हणाल्या आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या.

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. कळलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आता लग्नाची पत्रिका छापणारा वयाचा दाखला मागतो. मंडपवाल्याला, भटजीला तंबी असते. केकवालीला कुणी काही विचारत नाही. गावजेवण घालून अठराचा केक कापला, दारात फलक लावला, फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेले, की पोरगी गावापुरती अठराची होते. नंतर कुणी शंका काढली तर वीस जण सांगायला तयार, आम्ही जेवून आलोय की तिच्या अठराव्या वाढदिवसाला. कागदाचं कागदवाले बघून घेतात. पण गावाचं तोंड केकनं बंद होतं. त्याआधी दोन-तीन असे केक मी केले होते आणि महिन्याभरात त्याच घरांतून हळदीच्या केकची ऑर्डर आली होती. त्या मुली मला माहीत नव्हत्या, म्हणून मी विचार केला नव्हता.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आपण केक करतो. लोकांची वयं तपासायला आपण कोण?" मला हेच ऐकायचं होतं. चिठ्ठी तर होतीच. चिठ्ठीवर असेल तेच केकवर.

केक मी मन लावून केला, याची मला आज जास्त लाज वाटते. श्वास रोखून १८ लिहिलं. आकडा सुंदर आला होता.

दोन किलोचा केक कुणाच्या हाती देण्यापेक्षा मीच नेऊन पोचवायची. दुपारी चारला गेले. दारात मंडप, मोठा फलक, त्यावर ऋतुजाचा फोटो आणि अठरा. सरपंच होते, पोलीस पाटील होते, शाळेतले दोन मास्तर होते. बापूरावांनी मला मानानं खुर्ची दिली. ऋतुजाला भरजरी घागरा नेसवला होता; तो मोठा होत होता म्हणून कमरेला पिना लावल्या होत्या. तिनं डबा उघडलेला पाहिला. केककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काकू, तुमी पन?"

एवढंच म्हणाली. मी वाकून मेणबत्ती सरळ करत राहिले. टाळ्या झाल्या, केक कापला, सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. पोलीस पाटलांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

तिसऱ्या आठवड्यात लग्न झालं. हळदीच्या केकसाठी फोन आला तेव्हा मी परगावी आहे असं सांगितलं. तेवढीच माझी हिंमत. मुलींच्या मदतीचा नंबर बसस्टँडच्या भिंतीवर रंगवलेला आहे, तो मी मोबाइलमध्ये घेऊन ठेवला होता. दोनदा काढला, दोनदा ठेवून दिला. त्या लोकांत आपल्याला राहायचंय, पुढच्या ऑर्डरी तिकडूनच येणार, नाव कळलं तर काय, असं सगळं मनात येत होतं. तक्रार कुणीच केली नाही. ज्यांना करता आली असती त्या सगळ्यांनी माझा केक खाल्ला होता, आणि मी तो केला होता.

त्यानंतर मी बरेच केक केले. अठराचा आला की दाखला मागायची आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. ते काही धाडस नव्हतं. ऋतुजाच्या वेळी मागितला असता तर त्याला धाडस म्हटलं असतं.

एक वर्ष गेलं. फेब्रुवारीच्या शेवटी ती स्वतः दारात उभी राहिली. मी आधी ओळखलं नाही. गालफडं बसलेली, वेणी बोटाएवढी बारीक. मी पाणी दिलं. ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली, पूर्वी बसायची तिथंच.

"मुलगी झालती, काकू. लई बारीक. सा दिवस काचंच्या पेटीत ठिवली व्हती. मंग गेली."

सोळा पुरी होऊन तिला दोन महिने झाले होते. मी रडायला लागले तर तिनंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "माझं चुकलं, ऋतुजा." ती "न्हाई" असं म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

"मी रडाया आली न्हाई," ती म्हणाली. "केक सांगाया आली. दिव्याचा वाढदिवस हाय पुढल्या आठवड्यात. तिला बगून गेलेत लोक."

"दिव्याला? किती वर्षांची आहे ती?"

"तेरा लागतंय. पप्पा म्हनत्यात, आत्ता कुटं करतोय, नुसतं बोलून ठिवू. माझ्या टायमालाबी असंच म्हनले व्हते."

मी सवयीनं चिठ्ठी पुढे केली. तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं: दिव्या, १३. आणि खाली जन्मतारीख, सालासकट.

"समदं लिवा. साल पन. लांबून दिसलं पायजे. मी समद्या गावाला बोलवायला लावलंय पप्पाला. माझं मन रमंल म्हनून हो म्हनलेत. केकवर काय हाय ते त्यास्नी म्हाईत न्हाई."

"मार बसेल तुला."

"बसू द्या. समद्यांनी तेरा म्हनून खाल्ल्यावर दोन वर्सांत अठरा कशी करत्याल?"

सोळा वर्षांच्या पोरीनं हे एकटीनं बसून शोधून काढलं होतं. मी केक केला. जन्मतारीख बसावी म्हणून चौकोनी केला, आणि सगळ्यात जाड नळीनं लिहिलं.

याही वेळी तोच मंडप, तीच माणसं. मी डबा उघडला आणि पुढची माणसं वाचायला लागली. बापूरावांना यायला थोडा वेळ लागला. त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "ताई, हे कावून लिवलं?"

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. ती काढून दाखवली असती तर मी सुटले असते आणि ऋतुजा अडकली असती. मी म्हटलं, "खरं आहे म्हणून लिहिलं. मागच्या वेळी खोटं लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही विचारलं नाही."

ते काही बोलणार तेवढ्यात ऋतुजानं दिव्याचा हात धरून केक कापलाही. मग तिनं स्वतः वाढायला घेतलं. प्रत्येकाच्या हातात बशी देताना एकच वाक्य म्हणत होती, "दिव्या तेरा वर्सांची झाली." सरपंचांना म्हणाली. मास्तरांना म्हणाली. पोलीस पाटलांसमोर गेली तेव्हा ते बशी घेईनात. ती हात लांब करून तशीच उभी राहिली. "काका, दिव्या तेरा वर्सांची झाली." सगळे बघत होते. शेवटी त्यांनी बशी घेतली आणि म्हणाले, "व्हय, पोरी. कळलं." आणि खाली मान घालून खाल्ला. केकचा फोटो दिव्यानं तोवर गावाच्या ग्रुपवर टाकला होता. बापूरावांनी मात्र केकला हात लावला नाही. सुमनबाई चुलीपाशी बसून होत्या. त्यांनी पदरानं तोंड झाकून एक घास खाल्लेला मी पाहिला.

गाडीपर्यंत बापूराव माझ्या मागे आले. "पुन्यांदा आमच्या दारात येऊ नका," म्हणाले. त्या गावच्या ऑर्डरी त्या दिवसापासून बंद झाल्या. ऋतुजा सासरी परत गेली. तिला घरी काय सोसावं लागलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

यंदा मार्च आला तोवर माझं मनगट गेलं होतं. डॉक्टरांनी जड काही उचलू नका म्हणून सांगितलं होतं. ऋतुजाचा फोन आला, "काकू, दिव्याचा वाढदिवस हाय, अन् मला माह्यारी पाठवत न्हाईत. तुमी जाल का?" आमंत्रण नव्हतं, ऑर्डर नव्हती. मी डाव्या हातानं पातेलं फिरवलं आणि नवऱ्याकडून क्रीम ओतून घेतली. त्यानं एकदाही करपलं म्हटलं नाही, आणि मी सांगायच्या आधी गाडी बाहेर काढली.

वाटभर मला एकच भीती होती. दारात मंडप दिसला तर? किंवा मंडप होऊनही गेला असेल तर? गेल्या वर्षभरात त्या घरातून मला कुणी काही कळवलं नव्हतं. कोपऱ्यावर वळलो तेव्हा मी डोळे मिटून घेतले, खरं सांगते. नवरा म्हणाला, "अंगण रिकामं आहे."

दार वाजवलं. आत कुणीतरी चपला ओढत आलं. दार दिव्यानं उघडलं. अंगात शाळेचा ड्रेस, एका वेणीला रिबन, दुसरी सुटलेली. माझ्या हातातल्या डब्याकडे बघून ती म्हणाली, "काकू, आकडा लिवलाय का?"

मी झाकण उघडून दाखवलं. १४.

अजून चार केक करायचे आहेत.